वाटणीतली दोन नावं

मी नावं विकतो. इंटरनेटवरची, ज्यांना धंद्यात डोमेन म्हणतात ती. एखादं नाव अजून कोणी घेतलेलं नसलं की वर्षाला हजारभर रुपये भरून ते आपल्या ताब्यात ठेवायचं, दरवर्षी तेवढे भरत राहायचं आणि ते हवं असणारा कोणीतरी येईल म्हणून वाट बघत बसायचं. आला तर चांगली कमाई, नाही आला तर पैसे पाण्यात. म्हैसूरच्या आमच्या नातलगांत हे काम कोणाला कधी समजलं नाही. आमच्याकडे माणूस एक तर शिवतो, नाही तर कापड विकतो, नाही तर नोकरी करतो. मी दहा वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथलीच बायको केली, तिथलंच मराठी बोलायला लागलो, आणि नोकरी गेल्यावर म्हैसूरला परत येऊन कुवेंपुनगरात घरीच लॅपटॉप उघडून बसलो. तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की हा रिकामा आहे. लग्नकार्यात कोणी खोदून विचारलं की माझी मोठी बहीण, जिला मी अक्का म्हणतो, माझ्या वतीने सांगायची की त्याचं कंप्युटरमध्ये काहीतरी आहे, आणि लगेच विषय बदलायची. ती मला सांभाळून घेत होती. मला मात्र तिचा राग यायचा.

या धंद्यात नावांचे दोन प्रकार असतात. एक सरळ नाव, जेनेरिक म्हणतात ते. साडी, गणवेश, भाड्याची खोली असे रोजच्या बोलण्यातले शब्द, किंवा त्यांना गावाचं नाव जोडलेलं. दुसरं घडवलेलं नाव, म्हणजे ब्रँडेबल. त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नसतो, पण ते तोंडात बसतं, लक्षात राहतं. सरळ नावाला उद्या कोणीही गिऱ्हाईक येऊ शकतं, कारण तो धंदा करणारे शेकडो असतात. घडवलेलं नाव कोणाच्या तरी मनात भरावं लागतं, आणि तो मनात भरणारा माणूस कधी येईल, येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

किंमत ठरवायची माझी एक पद्धत होती. नाव कोऱ्या कागदावर लिहायचं. ते आजवर कोणी वापरलं, कशासाठी वापरलं, सगळं डोक्यातून काढून टाकायचं आणि फक्त एवढंच विचारायचं की हे जगात किती जणांना हवं असेल. पोरीच्या नाहीतर कुत्र्याच्या नावावरून शब्द बनवून त्याचे लाखभर येतील अशी आशा धरून बसलेले पुष्कळ हौशी लोक माझ्याकडे यायचे. मी त्यांचं नाव कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवायचो आणि विचारायचो, आता सांगा, तुमच्याशिवाय हे कोणाला पाहिजे? त्या वेळी त्यांची पडलेली तोंडं बघायला मला आवडायचं. हे आता लिहिताना बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

अक्काचं सासर म्हैसूरच्याच लष्कर मोहल्ल्यात. दाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचं मिळून शिलाईचं दुकान होतं. दाजी शाळांच्या गणवेशांची कामं आणायचे, दीर कापायला बसायचा, आणि अक्का दुकानावरच्या खोलीत ब्लाऊज शिवायची. ब्लाऊजचं गिऱ्हाईक सगळं तिचं. कुवेंपुनगरातल्या नोकरदार घरांतल्या बायका, त्यात महाराष्ट्रातून नवऱ्याच्या बदलीमुळे आलेल्या कितीतरी, रिक्षा करून तिच्याकडे जायच्या. ती मापाचा जुना ब्लाऊज मागत नसे. स्वतः टेप लावून माप घ्यायची, आणि तिने शिवलेला ब्लाऊज उसवून सैल करायची वेळ सहसा यायची नाही.

दुकानाचं नावही तिचंच. लग्न होऊन आली तेव्हा पाटीवर नुसतं टेलर लिहिलेलं होतं. तिने दोघा भावांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून एक आटोपशीर शब्द तयार केला. अर्थ काही नाही, पण ऐकायला गोड. तो पाटीवर आला, मग ब्लाऊजच्या मानेमागे शिवायच्या छोट्या विणलेल्या पट्टीवर आला. मी पुण्यात असताना तिने फोन करून विचारलं की इंटरनेटवर आपलं नाव मिळतंय का बघ. मिळत होतं, मी घेऊन दिलं. त्याच वेळी माझी हुशारी म्हणून आणखी एक सरळ नाव घेऊन ठेवलं, शहराचं नाव आणि त्याला जोडलेला गणवेशाचा इंग्रजी शब्द. दोन्ही दाजींच्या नावावर केली आणि विसरून गेलो.

दाजी अचानक गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या दारातच संपले. वर्षश्राद्ध झाल्यावर दिरानेच वाटणीचा विषय काढला. त्याच्या मनात खोट नव्हती. पुढे मुलांची लग्नं झाली की भांडणं होतील, त्याआधी आपण हसत वेगळे होऊ, असं त्याचं म्हणणं होतं. आमच्याकडे जो वाटे करतो तो शेवटी उचलतो. एरवी थोरल्या घराने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. दीर म्हणाला की थोरला आता नाही, तेव्हा वाटे मी करतो आणि वैनी आधी उचलतील.

अक्काचा मला फोन आला. ती मला तम्मा म्हणते, कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं. रविवारी वाटणी आहे, तू यायला पाहिजे, एवढंच म्हणाली. मी विचारलं की इंटरनेटच्या नावांचंही आहे का त्यात. आहे म्हणाली, तू ये. बस, मला आणखी काय पाहिजे होतं! इतक्या वर्षांत आमच्या माणसांपैकी कोणीतरी मला माझ्या कामासाठी बोलावत होतं. दोन दिवस मी आकडे काढत बसलो. किंमत सांगणाऱ्या वेबसाइटी असतात, त्यांवर दोन्ही नावं घालून पाहिली. दुसऱ्या मोठ्या शहरांच्या नावाची तशीच डोमेन केवढ्याला लावली आहेत ते पाहिलं. लावलेली किंमत वेगळी आणि हातात पडलेली वेगळी, हे मी नवख्यांना रोज सांगायचो. त्या दोन दिवसांत स्वतःला सांगायचं राहून गेलं.

रविवारी मी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून लष्कर मोहल्ल्यात पोचलो. दुकानामागच्या खोलीत चटई अंथरली होती. दीर होता, साक्षीला विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळातले एक वडीलधारे बसले होते, आणि अक्का भिंतीशी. मी तिच्या शेजारी बसायचं सोडून समोर, लॅपटॉपला प्लग मिळेल अशा जागी बसलो. बाकीचं अर्ध्या तासात मिटलं. दुकानाची जागा, कटिंगचं टेबल आणि शाळांची कामं दिराकडे, कारण कापणारा तोच. वरचा मजला, शिलाईची दोन चांगली यंत्रं आणि थोडं सोनं अक्काला. राहिली ती नावं. वडीलधाऱ्यांनी त्यात एक अट घातली की ज्याने जे उचललं त्याने तेच वापरायचं, दुसऱ्याच्या नावाने धंदा करायचा नाही, नाहीतर गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो आणि घरात वाईटपणा येतो. दोघांनी मान डोलावली. दिराने एकेक नाव लिहिलेल्या दोन उघड्या चिठ्ठ्या चटईवर ठेवल्या.

अक्काने हात पुढे केला. तो दुकानाच्या नावाकडे चालला होता, हे मला स्पष्ट दिसलं. मी म्हटलं, थांब, उचलू नको.

मग मी माझा खेळ करून दाखवला. कोरा कागद काढला, दोन्ही नावं लिहिली. या सरळ नावाला गणवेश शिवणारा या शहरातला प्रत्येक माणूस गिऱ्हाईक आहे, उद्या एखादी मोठी कंपनीही येईल, आणि थांबायची तयारी असेल तर आठ लाखांच्या खाली द्यायचं कारण नाही, असं मी सांगितलं. आठ लाख म्हटल्यावर वडीलधाऱ्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला ते फार आवडलं. दिराने हळू आवाजात विचारलं की मग आमच्या पाटीवरच्या नावाला काहीच नाही का. मी म्हणालो, बाजारात न्याल तर चहाचे पैसे सुटणार नाहीत. त्याला जगात गिऱ्हाईक एकच आहे, आणि ते या खोलीत बसलंय.

अक्काने हात मागे घेतला. "नक्की, तम्मा? मला वाटत होतं ते पाटीवरचंच घ्यावं."

"अक्का, हेच तर माझं काम आहे," मी म्हणालो.

तिने सरळ नाव उचललं. दिराने दुसरी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि चहा सांगितला. मी घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं की अक्काचं भलं करून आलो. मला मनापासून तसंच वाटत होतं. मी तिचा भाऊ म्हणून तिच्या पदरात मोठं माप टाकायला गेलो होतो आणि तोंडाने मात्र तटस्थ जाणकार असल्यासारखा बोललो होतो.

ते नाव मी विक्रीला लावलं. त्यावर कोणी गेलं की हे नाव विक्रीस आहे असं पान उघडायचं, खाली अक्काचा ईमेल. पहिल्या वर्षी एक चौकशी आली. कॉलेजातल्या कोणा मुलाला ते प्रोजेक्टसाठी फुकट पाहिजे होतं. दुसऱ्या वर्षी काहीच आलं नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. अक्काला स्वतः ते नाव वापरता येईना, कारण ती ब्लाऊज शिवणारी, गणवेशाला लागणारं भांडवल, माणसं आणि शाळांमधल्या ओळखी तिच्याकडे कुठून येणार? तिने वरच्या खोलीतच शिलाई चालू ठेवली, पण मानेमागची पट्टी शिवायची बंद केली. शब्द दिला होता.

दिराने दोन बाया ठेवून ब्लाऊजचं काम सुरू केलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जुन्या गिऱ्हाइकांना वाटणीचं काय माहीत? त्यांनी फोनवर दुकानाचं नाव घातलं की दिराचा नंबर यायचा, आणि त्या बिचाऱ्या समजायच्या की आत अक्काच शिवतेय. मग कुवेंपुनगरच्या मुख्य रस्त्यावर त्याने दुसरं दुकान काढलं. वर मोठी पाटी, अक्काने घडवलेला शब्द, रात्री दिवे लावलेला. आमच्या शेजारणीने माझ्या बायकोला कौतुकाने विचारलं की तुमच्या नणंदेचं दुकान आता इकडेही निघालं का. बायकोने हो-नाही करत वेळ मारून नेली आणि मला येऊन सांगितलं. त्यानंतर मी दूध आणायला मागच्या गल्लीने जायला लागलो.

माझी चूक मला तेव्हा कळली, आणि ती लाज वाटावी इतकी साधी होती. विकायला निघालेल्या माणसाने नाव कोऱ्या कागदावर लिहावं. पण त्या रविवारी तिथे कोणी विकायला बसलं नव्हतं, तिथे माणसं वेगळी होत होती आणि सोमवारपासून आपापलं पोट भरणार होती. त्या नावावर पंधरा वर्षांचे ब्लाऊज होते. मी ते सगळे पुसून टाकले आणि मग म्हणालो की इथे काहीच नाही.

हे मी अक्काला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तिने दर वर्षी नाव चालू ठेवायचे पैसे भरायच्या आधी मला विचारायचं की भरू ना रे, आणि मी म्हणायचं, भर, धीर धर, हा धंदा थांबणाऱ्याचा आहे. ती एका शब्दाने मला बोलली नाही. उलट माझ्याकडून धंद्याच्या गोष्टी शिकून घेतल्या. पहिली बोली कधी घ्यायची नाही. गिऱ्हाईक गप्प बसलं तर आपणही गप्प बसायचं. ज्याला खरंच पाहिजे तो परत येतोच. ती हे सगळं मन लावून ऐकायची, माप ऐकावं तसं.

यंदा श्रावणाच्या सुरुवातीला दीर तिच्याकडे गेला. नव्या दुकानात ब्लाऊजचं सगळं काम तुम्ही बघा, चार आणे वाटा देतो, बाया तुमच्या हाताखाली, असं म्हणाला. ठेवलेल्या बायांची शिलाई लोकांना पसंत पडत नव्हती, आणि वैनीशिवाय ते नाव फार दिवस चालणार नाही हे त्याला कळलं होतं. दसऱ्याच्या शिलाईची गर्दी सुरू व्हायच्या आत उत्तर हवं होतं. अक्काने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. तिनेच घडवलेल्या नावाखाली ती परत बसणार, हातात रोजची मिळकत येणार. पण ती म्हणाली, "बघते. ते आपलं नाव विकलं गेलं तर मी कशाला दुसऱ्याच्या दुकानात बसू?"

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. येणारच नाही अशा गिऱ्हाइकासाठी ती समोर आलेली गोष्ट थांबवून ठेवत होती, आणि त्या गिऱ्हाइकाची आशा मी लावलेली. मला दोन मार्ग दिसत होते. तिला खरं सांगायचं, किंवा ते नाव गुपचूप मीच विकत घ्यायचं. मी दुसरा घेतला. हातातली तीन बरी नावं ओळखीच्या व्यापाऱ्यांना पडेल भावात दिली, दोन लाख उभे केले, आणि बेंगळुरूच्या एका दलालाला सांगितलं की तुझ्या नावाने या ईमेलवर बोली लाव, माझं नाव कुठे येऊ देऊ नको. आमच्या धंद्यात हे रोज चालतं, खरा घेणारा कोण हे विकणाऱ्याला कळत नाही. अक्काच्या हातात पैसे पडतील, वाट बघणं संपेल, ती मोकळ्या मनाने दिराकडे जाईल, असा माझा हिशेब. माझाही मान राहील, हा त्यातला भाग मी स्वतःलाही मोठ्याने सांगत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर अक्काने तिच्या कंप्युटरचा फोटो पाठवला. मीच सांगितलेला मजकूर, मीच ठरवलेला आकडा. पाठोपाठ फोन.

"तम्मा, आलं की रे गिऱ्हाईक."

मी म्हटलं, अरे वा, देऊन टाक.

"देऊन टाक? तूच शिकवलंस ना, पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही. पहिलीच बोली दोन लाख, म्हणजे तू आठ म्हणालास ते खरंच होतं की."

बाजार पडला आहे म्हणून मी सांगून पाहिलं. तिने विचारलं की बाजार पडलाय तर हा माणूस आपणहून कशाला आला. दोन लाखही थोडे नाहीत म्हटलं. ती हसली. दाजी गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. भिऊ नको म्हणाली मला, तुझी पद्धत आता मला नीट येते. आणि तिने दलालाला उत्तर पाठवलं, आठ लाख.

दलालाचा मला फोन, आता काय करू? मी बायकोच्या नकळत आणखी पन्नास हजार काढले आणि त्याला अडीच सांगायला लावलं, त्याच्या वर जमणार नाही, ही शेवटची बोली असं लिहायला लावलं. याहून मोठा मूर्खपणा मला करता आला नसता. अक्काच्या दृष्टीने गिऱ्हाईक वाढलं होतं, म्हणजे त्याला नाव मनापासून हवं होतं. शेवटची बोली सगळेच म्हणतात, हेही मीच तिला शिकवलेलं. तिने उत्तरच दिलं नाही. आता तो गप्प बसलाय ना, बसू दे, असं ती मला म्हणाली, आणि मी फोन हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. त्याच वेळी स्कूटर काढून तिच्याकडे जायला हवं होतं. मी म्हटलं, दोन दिवस बघू, तिचं मन बदलेल.

दोन दिवसांचे आठ दिवस झाले. मग तिचाच फोन आला, अगदी आनंदात. दिराला नाही म्हणून सांगितलं होतं. मोहल्ल्यातच, कोपऱ्यावर, एक छोटी जागा भाड्याने बघितली होती, आणि बांगड्या गहाण ठेवून तिचा ॲडव्हान्सही देऊन झाला होता. नावाचे पैसे आले की सोडवून आणू म्हणाली. आता पाटी करायची आहे.

"तू एक चांगलं नाव सांग, तम्मा. तुझ्याइतकं कोणाला कळतं यातलं?"

मी येतो म्हटलं आणि फोन ठेवला. भर दुपारची वेळ होती. लष्कर मोहल्ल्यात शिरताना गर्दीत दोनदा स्कूटर बंद पडली, आणि दोन्ही वेळा मला परत जावंसं वाटलं.

ती वरच्या खोलीत टेबलावर कापड पसरून खडूने खुणा करत होती. मी आलो म्हणून तिला बरं वाटलं. बस म्हणाली, पाणी दिलं. मी पाणी न पिताच सांगितलं.

"अक्का, ते गिऱ्हाईक मी आहे."

तिला आधी समजलं नाही. मी दलालाचं सांगितलं, विकलेल्या तीन नावांचं सांगितलं, अडीच लाख कुठून आले ते सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला, जणू चूक तिची होती. तिने खडू खाली ठेवला.

"आणि तुझ्याशिवाय?"

"कोणी नाही."

"तीन वर्षांत?"

"कोणीच नाही, अक्का."

मग तिने फोन घेतला आणि माझ्यासमोरच दिराला लावला. ब्लाऊजच्या कामाची ती जागा अजून रिकामी आहे का म्हणून विचारलं. त्याचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण तिच्या उलट प्रश्नांवरून कळत होतं. तिचा नकार आल्यावर त्याने मंड्या गावच्या एका बाईला आगाऊ पैसे देऊन ठेवून घेतलं होतं, सोमवारपासून ती बसलीही होती. तो फार ओशाळला असावा, कारण अक्काच त्याची समजूत घालत होती. असू दे, तुमचं काही चुकलं नाही, म्हणाली आणि फोन ठेवला.

मी घाईघाईने बोलत सुटलो. अडीच लाख माझ्याकडे तयार आहेत, ते घे, बांगड्या सोडव, जागेचा ॲडव्हान्स मी बोलून परत मिळवतो. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मी गप्प झाल्यावर ती टेबलापलीकडच्या स्टुलावर बसली. ती रडली नाही, रागावलीही नाही. मला वाटत होतं की तिने रागवावं.

"त्या रविवारी तुला मी किंमत करायला बोलावलं, असं वाटलं तुला?"

मी हो म्हटलं.

"काय उचलायचं ते माझं आधीच ठरलं होतं. वाटणीला बसलेल्या बाईच्या शेजारी माहेरचं एक माणूस लागतं, तम्मा. आप्पा असते तर वडील म्हणून ते बसले असते. तू नुसता येऊन शेजारी बसला असतास, तरी पुरे होतं मला."